करवल्यांच्या ओळीतलं तिसरं नाव

छापून आलेल्या लग्नपत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना ओल्या हळदीचं बोट लागलं, की शाईचा कोरडा, किंचित कडवट वास आणि हळदीचा मातकट, उबदार वास एकमेकांत मिसळून एक तिसराच गंध दरवळू लागतो. माघातल्या दुपारी कुळगावातल्या त्या निमुळत्या गल्लीत ऊन तिरपं होऊन दुकानाच्या उंबऱ्याशी आलं, की तो गंध त्या उन्हालाच येतो आहे असं वाटायचं. पूर्वी मला तो फार आवडायचा. आता कुणाच्या घरून पत्रिका आली, की मी ती जरा लांब धरते, चष्मा लावते आणि वधूवरांची नावं ओलांडून थेट करवल्यांच्या ओळीवर जाते. घरातले हसतात. मी ओळखीचं कुणी शोधते आहे असं त्यांना वाटतं, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

ते दुकान हरिभाऊ गायकरांचं. तरुणपणी ते अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर त्यांनी आपल्या घराच्या ओटीवरच एक संगणक मांडला आणि पत्रिका जुळवायला सुरुवात केली. बदलापूरपासून वांगणीच्या पलीकडच्या गावांपर्यंत कुठेही लग्न ठरलं, की आधी भटजी आणि पाठोपाठ हरिभाऊ, असा पुढे रिवाजच पडून गेला. मी मूळची इथली नव्हे, लग्न होऊन बदलापुरात आले, त्यामुळे इकडच्या गावांतली पत्रिका हे केवढं जोखमीचं काम आहे, ते मला हरिभाऊंनीच शिकवलं. सर्वांत वर कुलदैवत, त्याखाली कैलासवासी झालेले वडीलधारे त्यांच्या मानाप्रमाणे, मग निमंत्रक, मग सगळी भावकी, मामाकडची माणसं, मग करवल्या म्हणून घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुली, आणि अगदी तळाशी लहान मुलांची किलबिल. यात एखादा काका आपल्या जागेवरून एक ओळ जरी खाली घसरला, तरी मांडवाच्या दारात तो फुगून उभा राहतो आणि लग्न त्याच्या समजुतीत जातं.

हरिभाऊंच्या डोक्यात ही सगळी उतरंड होती, पण डोक्यावर त्यांचा भरवसा नव्हता. भरवसा होता तो एका जुन्या वर्ड प्रोसेसरवर आणि त्याच्या खांद्यावर बसवलेल्या मराठीच्या ॲड-ऑनवर. हे जोडसॉफ्टवेअर फार वर्षांपूर्वी एका सीडीवर आलेलं होतं. मराठी टायपिंगशिवाय त्यात एक खास सोय होती: लांबलचक मजकूर एका छोट्या खुणेखाली साठवायचा, नंतर ती खूण टाइप करून एक बटण दाबलं, की सगळा मजकूर समोर हजर. गावाची दोन अक्षरं, घराण्याची दोन अक्षरं, आणि पडद्यावर अख्खी भावकी मानापानासकट उतरायची. कुणाकडे मूल जन्मलं, की हरिभाऊ त्याला किलबिलीत बसवत. कुणाची मुलगी सासरी गेली, की तिला तिकडच्या घराण्यात नेऊन ठेवत. आणि कुणी गेलं, की दहाव्याच्या आत त्या नावामागे 'कै.' लागून ते वरच्या ओळीत चढलेलं असे. वीस-बावीस वर्षं हे चाललं होतं. पंचक्रोशीतल्या शे-दोनशे घराण्यांची जन्ममरणं त्या एका फाइलमध्ये हलक्या पावलांनी ये-जा करत होती, आणि ती तिथे आहेत हे त्या घराण्यांच्याही ध्यानी नव्हतं.

आता माझ्याविषयी. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी संगणकाच्या लॅबची सहायक आहे. जुनं सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालवून दाखवणं हा माझा छंद म्हणा, खोड म्हणा. कुणी "आता हे फेकून द्या" म्हणालं, की मला चेव येतो. रविवारी माझ्याकडे लोक आजारी लॅपटॉप घेऊन येतात आणि मी त्यांची नाडी बघते. सरावाने हाताला एक गुण आला होता, आणि गुणाबरोबर जो ताठा येतो तोही आला होता. विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगते: दुसऱ्याच्या यंत्रावरचं काहीही पुसायचं नाही. अडचण करणाऱ्या फोल्डरचं फक्त नाव बदलायचं, पुढे 'जुने' असा शब्द जोडायचा, महिनाभर तसंच ठेवायचं आणि मग मालकाला विचारून काय ते ठरवायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला पाषाण म्हणजे मी.

त्या रविवारी हरिभाऊंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पडला होता. त्यांच्या जावयाने प्रेमापोटी सासऱ्यांच्या संगणकावर नवा वर्ड प्रोसेसर टाकून दिला होता, आणि जुन्याच्या मापाने शिवलेलं ते मराठीचं ॲड-ऑन नव्याच्या अंगाला येईना. उघडावं तेव्हा एकच पाटी समोर यायची: कंपाइल एरर इन हिडन मॉड्यूल. म्हणजे आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या कुठल्याशा भागात काही चुकलं आहे. काय आणि कुठे, ते आम्हाला विचारू नका. अशा पाट्यांशी माझी जुनी ओळख. मी सीडी घालून ॲड-ऑन पुन्हा बसवायला घेतलं, तर अर्ध्यावर थांबून ते म्हणालं, आधीची प्रत सापडली, ती काढा. काढायला गेले, तर म्हणालं, एक फाइल वापरात आहे. सगळं बंद केलं, मागे लपून चालू राहिलेला वर्ड प्रोसेसर शोधून तोही बंद केला, तो सुरू होताना ज्या फोल्डरमधून सामान उचलतो, त्यातलं या ॲड-ऑनचं सगळं बाजूला केलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, तरी तीच पाटी. दोन तास गेले. हरिभाऊ पाठीमागे उभे राहून माझ्या खांद्यावरून बघत होते, आणि कुणी असं पाठीशी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. उद्या एका घरच्या पत्रिका जुळवून द्यायच्या आहेत, हे त्यांनी मला तोवर चारदा सांगितलं होतं.

मग ते चहा सांगायला नाक्यावर गेले, आणि मला एकटीला सोडल्याचं बरं वाटलं. मी पुन्हा 'काढून टाका' दाबलं. या वेळी ते अडखळलं नाही. उलट एक चौकट वर आली आणि इंग्रजीतून विचारलं, की तुम्ही साठवलेल्या नोंदीही काढून टाकायच्या का. खाली 'होय' आणि 'नाही'. मी ते वाचलं असं म्हणवत नाही. डोळ्यांखालून गेलं. मनात एवढंच होतं की काहीतरी मुळं आत राहिली आहेत आणि त्यांतून तीच चूक पुन्हा पुन्हा उगवते आहे, तेव्हा एकदाचं उपटून टाकू. मी 'होय' दाबलं. त्यावर थांबले नाही. उरलेलं फोल्डर निवडलं आणि कचऱ्याच्या डब्यातही जाऊ नये अशा बेताने, दोन बटणं एकदम दाबून, पुसून टाकलं. बाहेर गल्लीत कुणीतरी वालाच्या शेंगा विकत होतं आणि त्या हिरव्या वासाची एक झुळूक आत आल्याचं मला आठवतं.

हरिभाऊ चहाचे दोन ग्लास घेऊन आले. मी विजयी मुद्रेने खुर्ची दिली. ॲड-ऑन अजून पुन्हा बसवायचं होतं, पण आता ते अडणार नाही हे मला कळलं होतं. "यादी तेवढी आहे ना, मॅडम?" असं त्यांनी सहज विचारलं. ज्या फोल्डरमध्ये ती असायची, ते मी डोळ्यांदेखत नाहीसं केलं होतं. जुन्या सॉफ्टवेअरची ही वाईट सवय मला माहीत होती, की ती माणसाची कमाई आपल्याच घरात ठेवतात आणि घर पाडलं की तीही जाते. मला हे माहीत होतं, हेच तर सगळ्यांत वाईट.

"ती फाइल आधीच खराब झाली होती, हरिभाऊ," मी म्हणाले. "फार जुनं पॅकेज. आज ना उद्या हे व्हायचंच होतं."

एवढ्या सफाईने आपण खोटं बोलू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "असेल मॅडम. तुम्ही आहात म्हणून निदान बाकीचं तरी चालू होईल."

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा अपराध पुरा होत नाही. संगणकावर पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. ती जागा आता मोकळी आहे, एवढीच नोंद होते. मजकूर तिथेच निपचित पडलेला असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. मी त्याच क्षणी यंत्र बंद केलं असतं, डिस्क काढून लॅबमध्ये नेली असती, तर यादी बहुतेक जशीच्या तशी परत मिळाली असती. पण यंत्र बंद करायचं म्हटलं असतं, तर का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी शांतपणे सीडी आत सरकवली आणि जिथे ती शे-दोनशे घराणी पडलेली होती, तिथेच ॲड-ऑन पुन्हा बसवलं. ते पहिल्या झटक्यात बसलं, एकही पाटी आली नाही. पुसणं ही चूक होती. हे दुसरं मी समजून उमजून केलं.

त्यानंतरचे दोन महिने हरिभाऊ स्कूटरवर गावोगाव फिरत होते. इकडे लोक जुन्या पत्रिका टाकत नाहीत. पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घड्यांखाली, देव्हाऱ्यामागे त्या जपून ठेवलेल्या असतात. हरिभाऊ त्या पिशव्या भरभरून आणत आणि आम्ही रविवारी बसून एकेक घराणं पुन्हा उभं करत असू. आम्ही म्हणजे मीही. कुणी न बोलावताच मी जायला लागले होते. फाल्गुन आला, आंब्याच्या मोहोराचा वास गल्लीत साठू लागला, वारा अंबरनाथच्या बाजूने फिरला की त्यात कारखान्यांचा उग्र दर्प मिसळायचा, आणि मी जुन्या पत्रिकांतल्या पिवळ्या पडलेल्या हळदीच्या डागांवरून बोट फिरवत नावं टाइप करत राहायची. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हरिभाऊ सांगायचे, "या मॅडम नसत्या तर आपलं दुकान बसलं होतं." त्यांच्या पत्नी मला वालाच्या बिरड्याचा डबा द्यायच्या. घरी येऊन तो डबा मी उघडायची आणि पुन्हा झाकण लावून बाजूला ठेवायची. मग रात्री सगळं संपवायची, कारण अन्न टाकवत नाही.

चैत्रातल्या एका रविवारी यमुनाबाई आल्या. वांगणीच्या पलीकडच्या गावातल्या, साठीच्या घरातल्या, उन्हातून चालत आल्याने चेहरा तापलेला. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं आणि त्याच्या पत्रिका आठवड्यापूर्वीच इथून गेल्या होत्या. त्यांनी पदराखालून त्यातली एक काढली, टेबलावर ठेवली आणि करवल्यांच्या ओळीवर बोट टेकवलं. त्यांना वाचता येत नाही, हे मला नंतर कळलं. त्यांना त्या ओळीतली तिसरी जागा ठाऊक होती आणि त्या जागेवरच्या एका नावाचा आकार ठाऊक होता.

"भाऊ, ह्यान माजी वैशू नाय," त्या म्हणाल्या.

हरिभाऊंनी पत्रिका उचलली, वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "सुटली, ताई," ते म्हणाले. "माझ्या हातून सुटली."

"तुमी त कदी इसरत नाय."

"या वेळी विसरलो. वय झालं आता."

"गावान वाटून झाल्या," एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला तर दोन घोट घेतले, पत्रिका पुन्हा पदराखाली घातली आणि उन्हात निघून गेल्या. मी तीन हातांवर बसले होते. बोलायचं तर तीच वेळ होती, एक वाक्य पुरलं असतं, आणि मी मूग गिळून कीबोर्डकडे बघत राहिले.

त्या गेल्यावर हरिभाऊंनी मला सांगितलं. वैशाली ही यमुनाबाईंची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वी काविळीने गेली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर त्या घरात पहिलं लग्न निघालं, तेव्हा हरिभाऊंनी रिवाजाप्रमाणे करवल्यांतून तिचं नाव काढलं. अविवाहित गेलेल्या पोरीला वरच्या कैलासवासी मंडळींतही जागा नसते, ती पत्रिकेतून नुसती नाहीशी होते. पत्रिका छापायला जाण्याआधी यमुनाबाई एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, तिला काढू नका, वरही नेऊ नका, आहे तिथं राहू दे. हरिभाऊंनी राहू दिलं. शुभकार्याच्या कागदावर गेलेल्या मुलीचं नाव, आणि तेही करवल्यांत. घरातल्या कुणाच्या ध्यानात आलं असतं तर केवढा गहजब झाला असता. पण करवल्यांची ओळ वाचतं कोण? अकरा वर्षं दर लग्नाला ती छापून येत होती. तिच्या दोन्ही बाजूंची नावं बदलत गेली, तिच्याबरोबरीच्या मुली 'सौ.' होऊन दुसऱ्यांच्या पत्रिकांत गेल्या, त्यांच्या मुली किलबिलीतून मोठ्या व्हायला लागल्या, आणि तिसऱ्या जागी कुमारी वैशाली तशीच उभी होती. हे त्या आईला माहीत होतं, हरिभाऊंना माहीत होतं आणि त्या फाइलला माहीत होतं. या वेळी पुतण्याने घरातली नावं फोनवर पाठवली, त्यात ती असणार कशी?

"यंत्रात आहे म्हणून मी डोक्यात ठेवली नव्हती," हरिभाऊ म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर ते शोभून दिसेल; खरं म्हणजे मी गाढ झोपले आणि सकाळी जाग आल्याबरोबर मला स्वतःची किळस आली.

त्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर मी लछूभाईंकडे गेले. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गजबजीत, फर्निचरच्या पॉलिशचा आणि तळणाचा वास ओलांडून गेलं, की एका जिन्याखाली त्यांचं संगणकदुरुस्तीचं दुकान आहे; हरिभाऊंचा पहिला संगणक तिथलाच, आणि काही वर्षांपूर्वी त्याची डिस्क लछूभाईंनीच बदलली होती. ती जुनी डिस्क असेल का, असं मी विचारलं, आणि का हवी ते मात्र त्यांनाही सांगितलं नाही.

"मैं कुछ फेकता नहीं, मॅडम," लछूभाई म्हणाले. "घरवाली बोलती है, एक दिन मेरे को ही भंगारमध्ये देणार."

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी एकेक डिस्क काढली. एकीवर मार्करने 'कुळगाव पत्रिका' असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी ती जोडली. ती घरघरली, गप्प झाली, पुन्हा घरघरली आणि उघडली. फोल्डरातल्या फोल्डरात ती यादी होती. आधी नुसती चिन्हं दिसली, जुना फाँट घातल्यावर त्या चिन्हांची माणसं झाली. वांगणीकडचं ते घराणं शोधलं, खाली खाली जात करवल्यांच्या ओळीशी आले, आणि तिसऱ्या जागी ती होती. कु. वैशाली. ती यादी मुलगी हिंडत-फिरत असतानाची की नंतरची, ते ओळीवरून कळायला काही मार्ग नव्हता. फाइलची तारीख बघितली असती तर कळलं असतं. मी बघितली नाही.

पेन ड्राइव्ह घेऊन मी कुळगावला गेले आणि दारातच, चपला काढायच्या आधी, सांगून टाकलं. "त्या दिवशी फाइल खराब झाली नव्हती, हरिभाऊ. तुम्ही चहा सांगायला गेलात तेव्हा मी ती पुसली. आणि मग खोटं बोलले."

ते पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावत बसले होते. बोट थांबलं नाही. "माहीत आहे," ते म्हणाले. "ते पॅकेज मी स्वतः दोनदा काढून घातलंय. काढताना ते विचारतं, नोंदी काढू का म्हणून. मी दर वेळी 'नाही' दाबतो."

मी चपला काढून आत आले. माहीत होतं, तर एवढे दोन महिने बोलला का नाहीत, असं मी विचारलं. "बोललो असतो, तर पुढच्या रविवारी तुम्ही आला असता का?" ते म्हणाले, आणि ही माया होती की गरज, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पेन ड्राइव्ह लावून त्यांनी यादी उघडली, वरपासून खालपर्यंत बराच वेळ वाचली, मधेच एका नावाशी हसले. मग पुतण्याच्या पत्रिकेच्या शिल्लक कोऱ्या कागदांतला एक काढला, करवल्यांची ओळ पहिल्यासारखी केली, दुकानातल्याच प्रिंटरवर एक प्रत काढली, तिच्या चारही कोपऱ्यांना हळद लावली आणि ती माझ्या हातात दिली. "माझं सोडा," ते म्हणाले. "त्या बाईला तुमचं तुम्ही सांगा."

वांगणीला उतरून मी चालत गेले. एका बाजूला नव्या इमारतींचे विटकरी सांगाडे, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली, भेगाळलेली शेतं, मधेच कुणाच्या तरी सुट्टीतल्या बंगल्याची उंच भिंत आणि तिच्यावरून बाहेर झुकलेला बोगनवेल. यमुनाबाईंच्या अंगणात वाल वाळत घातले होते. त्यांनी मला ओळखलं, ओटीवर बसवलं. मी पत्रिका पुढे केली. त्यांनी ती घेतली, आणि त्यांचं बोट कुठेही न रेंगाळता तिसऱ्या नावावर जाऊन थांबलं. तिथे ते इतका वेळ राहिलं की कोपऱ्यावरची हळद मला नीट दिसेनाशी झाली.

"ही येकच हाय?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"दुसऱ्यांन नाय."

"नाही."

मग मी सांगितलं. ॲड-ऑन आणि इन्स्टॉलेशन यांतलं काही त्यांना सांगण्याजोगं नव्हतं, आणि त्या शब्दांचा आडोसा नसताना माझी गोष्ट फारच छोटी निघाली. हरिभाऊंनी तुमची मुलगी जपून ठेवली होती, ती मी पुसली. मशीनने मला विचारलं होतं, मी न वाचताच होय म्हणाले. नंतर ते लपवलं, आणि तुम्ही आलात त्या दिवशी मी तिथेच बसून होते आणि गप्प राहिले. त्या ऐकत होत्या. एक कोंबडी वालावर आली, तिला त्यांनी हाताने हुसकलं. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा मला उठवतील, आणि दोन्हीला मी तयार होऊन आले होते.

"तुमाला पोर हाय?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी आहे. सव्वीसची."

"लगीन व्हायचाय तिचा?"

"व्हायचंय. स्थळं बघतो आहोत."

"मंग तिच्या पत्रिकेन माजी वैशू घाला," त्या म्हणाल्या. "करवल्यांन."

"हो," मी म्हणाले.

लगेच म्हणाले. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर, ऊन कलताना, बोटाला लागलेली हळद रुमालाने पुसता पुसता मला जाणवलं, की त्या चौकटीवर 'होय' दाबलं तेही मी असंच, इतक्याच झटकन दाबलं होतं. सासूबाई काय म्हणतील, होणारे व्याही काय म्हणतील, स्वतःच्या लग्नाच्या कागदावर एका गेलेल्या, अनोळखी मुलीचं नाव असावं असं माझ्या मुलीला वाटेल का, आणि मी तिला काय म्हणून सांगणार आहे, यातलं काहीएक मी वाचलेलं नव्हतं.

मुलीचं लग्न आता ठरलं आहे. पत्रिका हरिभाऊंकडेच करायची, यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. त्यांना उद्या नावं द्यायची आहेत. मी गॅलरीत कागद घेऊन बसले आहे. कुलदैवत झालं, सासरे झाले, निमंत्रक झाले, माहेरची माणसं झाली. करवल्यांत दोन भाच्यांची नावं लिहिली आहेत. तिसऱ्या जागेवर पेन टेकवून ठेवलं आहे, शाईचा एक ठिपका तिथे पसरत चालला आहे, घरात अजून मी कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि आतून मुलगी विचारते आहे, आई, झाली का यादी.